पोट्ट्याला आधी काय शिकवता?

जुन्या गिटारी दुरुस्त करायला मी एक पोरगा हाताखाली घेतलाय, हे कळलं की प्रत्येक जण विचारतो, "त्याला आधी काय शिकवता? पटाशी धरायला की फ्रेट घासायला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. आधी शिकवलं, पाणी द्यायला.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि हवेतली आर्द्रता कधीकधी २० टक्क्यांच्याही खाली जाते. गिटारच्या लाकडाला मानवते ती ४५ ते ५५. सुकलेलं लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून वरच्या फळीला रेषांच्या दिशेनं भेग पडते. मानेवरची पट्टी आक्रसते, तिच्यात आडवे बसवलेले फ्रेट धातूचे, ते आहेत तेवढेच राहतात, मग त्यांची टोकं बाहेर येऊन तळहाताला खुपतात. गिऱ्हाईक म्हणतं, गिटार फुटली. ती तहानलेली असते.

पोरगा लकडगंजचा, म्हणजे इथल्या लाकूडबाजारातला. सागवान, शिसव वासावरून सांगेल. पण त्याचा हात आरागिरणीतल्या ओंडक्यांवर बसलेला आणि इथं वरची फळी जेमतेम ३ मिलिमीटरची. पहिलीच भेग बघून तो गोंद घ्यायला धावला. थांबवलं, तर म्हणतो, "काका, काहून? दहा मिनटाचं काम आहे नं!"

साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला पिळलेला स्पंज, डबी गिटारच्या पेटीत, सोबत आर्द्रतामापक, आणि झाकण बंद. रोज काटा वाचायचा, वहीत लिहायचा. या कामाचा त्याला भयंकर कंटाळा. पण पुष्कळ भेगा अशा आपोआप मिटत येतात. उन्हाळ्यात उघडी भेग लुगदीनं भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि फळी उचलते. भेग मिटली की मग सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद, आणि आतून लाकडाच्या पातळ टिकल्या, रेषा भेगेला आडव्या ठेवून.

सरसच का, यावर आमचं रोज वाजतं. त्याला पांढरा गोंद आवडतो. झटपट आहे, वास नाही. पण पोलादी तारांचा ताण ७० किलोच्या आसपास असतो. कधी ना कधी सांधा पुन्हा उघडावाच लागतो. सरस ऊब आणि ओलाव्यानं सुटतो, जुन्यावर नवा धरतो. पांढऱ्या गोंदाचा थर राहिला, तर त्यावर नवं काही नीट चिकटत नाही. सरस साधारण ६० अंशांवर ठेवायचा, उकळला की त्याची पकड गेली. हे मात्र पोरगा पटकन शिकला. सरसाचं भांडं आता त्याच्याच ताब्यात आहे.

(रात्रभर कूलरच्या झोतात आणि दिवसा एसीत गिटार ठेवणाऱ्यांनी हा मजकूर दोनदा वाचावा.)

गिऱ्हाइकांच्या गिटारींचे फ्रेट अजून त्याला घासू देत नाही, कारण घासून गेलेला धातू परत बसवता येत नाही. त्यासाठी एका मोडक्या गिटारची मान दिलीय. तिच्यावर कानस कितीही चालव म्हटलंय.