स्क्रू ढिला नाही, मोजून बसवलेत

डोकं फिरलंय, डोकं ठिकाणावर आहे का, एखादा स्क्रू ढिला झालाय. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरातली माणसं हे सगळे शब्द गिळायला लागतात. बोलताना मध्येच थांबतात, एकमेकांकडे बघतात, आणि घर उगाच गप्प होतं. कवटीचा कापलेला तुकडा बहुतेक वेळा टायटेनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावूनच परत बसवतात. त्यामुळे "माझे स्क्रू मोजून घट्ट केलेत" हे उत्तर बहुतेकदा खरंच असतं, आणि भेटायला आलेल्या माणसाचा अवघडलेपणा त्यानं लगेच उतरतो. फक्त हे पहिल्यांदा रुग्णानंच म्हणावं. दुसऱ्यानं आधी म्हटलं तर ती टिंगल होते. मी या बाबतीत कुणालाही सूट देणार नाही, जिवलग मित्रालाही नाही.

टाके किंवा पिना साधारण 7 ते 14 दिवसांत काढतात. तोवर खदखदून हसवू नका. डोक्याची कातडी ताणली जाते, आणि कानशिलाकडचा स्नायू कापलेला असेल तर जबडा उघडतानाच कळ येते. जोरात हसल्यावर खोकल्यासारखाच डोक्यातही दाब वाढतो. नाकावाटे पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर जास्तच जपावं. नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळलं, घशात खारट लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला कळवा.

विनोद कुठला, यालाही महत्त्व आहे. शाब्दिक कोटीला एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात. थकलेल्या मेंदूला ते जड जातं. मेंदूच्या उजव्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या, भागाला इजा झालेल्यांना विनोदाचा शेवट जुळवता येत नाही आणि त्यांचं हसूही कमी होतं, असं शम्मी आणि स्टस या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं. तेव्हा समोरचा हसला नाही म्हणून रुसू नका, आणि समजावूनही सांगत बसू नका. दहा मिनिटं, एकच बोलणारा, टीव्ही बंद, शक्यतो झोप झाल्यानंतर. काहींना चित्रातली गंमत शब्दांपेक्षा सोपी पडते.

शब्द न सापडणं हा सगळ्यात जास्त छळणारा भाग. "चमचा" आठवत नाही आणि तोंडातून "ते ढवळणारं" येतं. यावर दोघांनी मिळून हसायला हरकत नाही, पण घरात त्या वस्तूचं नावच "ढवळणारं" पडू देऊ नका. लाडानं तेच चालू राहिलं की मूळ शब्दाचा सराव बुडतो. हसून झालं की चमचा हातात द्यावा, "चमचा" असं एकदा शांतपणे म्हणावं, त्यांनाही म्हणू द्यावं, आणि विषय सोडावा. परीक्षा घेऊ नये.

आता एक गोष्ट जरा जास्त लक्ष देऊन वाचा. प्रत्येक हसू आनंदाचं नसतं. मनात काही नसताना हसू किंवा रडू फुटतं आणि आवरत नाही, त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. त्यावर औषधं आहेत. माणूस सतत, नको तिथे विनोद करतोय आणि थांबवून थांबत नाही, हेही फ्रंटल भागाच्या इजेचं लक्षण असू शकतं. त्याला विट्झेलसुख्ट असं नाव आहे. दर वेळी अगदी तसंच, थोडा वेळ टिकणारं, कारणाशिवायचं हसू ही फिटसुद्धा असू शकते. उलट, गमत्या माणूस एकदम चिडका झाला तर औषधांची यादी बघा: लेव्हेटिरासिटॅम या फिटवरच्या गोळीनं चिडचिड वाढू शकते, स्टेरॉइडनं झोप उडते. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, फिट येण्याचा धोका असतो.

असं काही दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. किती सेकंद टिकलं, आधी काय चाललं होतं, नंतर माणूस भानावर होता का, एवढं लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तेच दाखवा.