इना डोया बारीक कसा व्हत नहीत?

मागच्या मे महिन्यात चोपड्याला घरी होतो, बाहेर ४५ च्या आसपास, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून कंटाळा आलेला, म्हणून मोबाईल टीव्हीला जोडला आणि एक गावाकडचा सिनेमा लावला (नाव नको, मेहनत केली असेल बिचाऱ्यांनी). हिरोईन भर दुपारी शेतात काम करतेय आणि सगळं कसं मधात बुडवल्यासारखं पिवळं. मोठी माय मागे लसूण सोलत बसलेली. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणे, "इतला उन्हमा इना डोया बारीक कसा व्हत नहीत?" म्हणजे, एवढ्या उन्हात हिचे डोळे बारीक कसे होत नाहीत?

झालं. तेव्हापासून मला कुठलाच सिनेमा धड बघता येत नाही, आधी डोळेच बघतो.

खरंय ना पण. आमच्याकडचं मेचं ऊन पिवळं नसतंच, पांढरं असतं. आभाळ पांढरं, रस्ता पांढरा, केळीच्या पानावरची चकाकीसुद्धा पांढरी. सूर्य डोक्यावर आला की सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, समोरून येणारा माणूस चालीवरूनच ओळखायचा. कॅमेरामनला हे नकोच असतं, म्हणून जमेल तेवढं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उरकायचं, दुपारी करायचंच झालं तर वर स्किमर (ऊन मऊ करणारा पातळ पडदा) ताणायचा, समोरून थर्माकोलने उजेड मारायचा, आणि मग कलरिस्ट कॉम्प्युटरवर वरून पिवळा हात फिरवतो. चेहरा मस्त दिसतो, पण ऊन गेलं ना भो! आणि ऊनच नाही म्हटल्यावर ॲक्टर तरी काय करणार, तो कपाळ पुसतो. कपाळ पुसलं की झाला शेतकरी.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम 'मंथन' लावला. १९७६ चा, श्याम बेनेगलांचा, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी २-२ रुपये घालून काढलेला, कॅमेरा गोविंद निहलानींचा. त्यात स्मिता पाटील आली आणि मोठी मायचे हात थांबले. "ही ते आपलीच शे, शिरपूरनी, मंत्रीनी पोर." बरोबर होतं तिचं, स्मिताचा जन्म पुण्याचा पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, आमच्यापासून तासाभराचा रस्ता. पण मला वाटतं तिला 'आपली' वाटली ती गावामुळे नाही, उभं राहण्यामुळे. स्मिता त्या बिंदूच्या रोलमध्ये रागावते तेव्हा पण अंग फार हलवत नाही. उन्हातली माणसं अशीच असतात हो, दुपारी भांडायचं तरी ताकद जपून, एक वाक्य आणि मग बघत राहायचं.

'फँड्री'त किशोर कदम नुसते उकिडवे बसलेले बघा. हा माणूस सौमित्र नावाने कविता लिहितो हे मला नंतर कळलं, विश्वास बसेना. त्यांचा कचरू बोलताना पण खांदे खालीच ठेवतो. आणि डुकराच्या मागे धावताना मधेच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तिथे तर ॲक्टिंग म्हणजे फक्त न हलणं. रंग पण बघा, कुठे गोड केलेला नाही, माती मातीसारखी.

हे सगळं मी जेवताना मोठी मायला समजावून सांगत होतो. ती हां हां म्हणत उठली आणि गच्चीवर गेली, बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्या होत्या. मी मागोमाग, म्हटलं हिचाच व्हिडिओ काढू. पदराचं टोक दातात, डोळ्यांच्या दोन रेघा, काय फ्रेम होती! पण स्क्रीनवर चेहरा काळा ठिक्कर. ब्राइटनेस वाढवला तर चेहरा आला आणि मागचं आभाळ, शेजारच्यांची टाकी, सगळं उडून पांढरंफट. परत कमी केला. परत वाढवला.

"फोटो काय काढस," ती म्हणाली, "कावळा हाकल."