अंधारात जाणारा तोल

रात्री दिवे गेले की माझे आजोबा भिंतीला हात लावूनच चालत. त्यांना कमी ऐकू येते हे घरात सर्वांना ठाऊक होते, मात्र अंधारात तोल जाणे आम्ही वयाच्या खाती टाकले. बहिरेपणा आणि तोल यांचे दुखणे एकच असू शकते, हे मला फार उशिरा समजले.

आतल्या कानात ऐकण्याचा शंखाकृती भाग आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि दोन्हीकडे हालचाल टिपण्याचे काम केसपेशीच, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशीच, करतात. त्यामुळे एका जनुकातील दोष दोघांनाही भोवू शकतो. १४ व्या गुणसूत्रावरील ‘सीओसीएच’ हे जनुक त्याचे ठळक उदाहरण आहे. ते ‘कॉक्लिन’ हे प्रथिन तयार करते, आणि या जनुकात बहिरेपणा आणणारे बदल असतात हे १९९८ मध्ये उघड झाले. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेली सदोष प्रत पुरेशी असते, म्हणजे प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. बऱ्याच कुटुंबांत त्रास तिशी-चाळिशीनंतर डोके वर काढतो, तोपर्यंत पुढची पिढी बहुधा जन्माला आलेली असते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील अनेक कुटुंबांत तर एकाच पूर्वजाकडून आलेला एकच बदल सापडतो.

दोन्ही कानांचा तोल हळूहळू गेला तर गरगरण्याची तक्रार फारशी होत नाही, कारण डोळे आणि पायांची जाणीव उणीव भरून काढतात. डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगून त्याचे डोके झटकन किंचित वळवतात. नजर घसरून पुन्हा उडी मारत नाकावर आली, की दोष उघडा पडतो.

अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात हीच उणीव जन्मापासून असते. मूल जन्मतः बहिरे असते, दीड वर्ष उलटले तरी चालत नाही, आणि पुढे त्याची रात्रीची दृष्टीही मंदावते. येथे मात्र सदोष प्रती दोन्ही पालकांकडून याव्या लागतात. अशा मुलाला नुसते ‘आळशी’ ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कुटुंबाचा आजारांचा इतिहास विचारताना ‘कोणाला कमी ऐकू येते का’ एवढ्यावर थांबू नये. ‘अंधारात कोण भिंत धरते’ हेही विचारावे. आजोबांना तो प्रश्न कोणीच विचारला नाही, त्यामुळे त्यांचे दुखणे नेमके कोणते होते हे आता कळायला मार्ग नाही.