तुम्ही विचारलंत म्हणून: लडाखी घरात राहायला जाताना

नाशिकहून लडाखला निघालेली मंडळी हमखास विचारतात: हॉटेल सोडून गावात कुणाच्या घरी राहिलो तर जमेल का? जमतं. फजिती होते ती बहुतेक दोन ठिकाणी, उंचीमुळे आणि संडासात.

‘कळसूबाई तर आम्ही सहज चढतो’ हे तिथे कामाला येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह ३,५०० च्या आसपास, आणि विमान काही तासांत तिथे नेऊन सोडतं. लेहमध्ये निदान दोन रात्री नुसता आराम करा, मगच वरचं गाव. डोकं दुखतंय, भूक मेलीय, अशात आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

आता संडास. उंचावर खोली, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन-तीन फावडी माती किंवा राख खाली लोटायची. पाणी अजिबात ओतायचं नाही. तांब्याची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण पाणी गेलं की मैला सुकत नाही, वास सुटतो, थंडीत गोठतो. खालच्या कोठीतलं हे खत पुढे सातूच्या शेतात जातं, म्हणून ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड त्यात टाकू नका. पिशवीत बांधून लेहला परत आणा.

जेवायला वरणभाताचा हट्ट नको. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ कुकरमध्येही वेळ खाते, आणि गॅस खालून चढवलेला असतो. स्क्यू मागा: कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाजीच्या रश्शात शिजवतात, आपल्या वरणफळांचा भाऊच. लोणी-मिठाचा गुरगुर चहा घोटभर प्यायलात की आमा-ले (घरातली आई) पुन्हा पेला भरतात. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा, निघताना संपवा.

चुलीत कचरा टाकू नका, तिला पवित्र मानतात. बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका. त्या धुराच्या विषारी वायूला वास नसतो.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. पैसे रोख ठेवा, सुट्टे. भेट न्यायची तर आपल्याकडचे बेदाणे न्या.