झोपाळ्याची फळी, रंधा मशीन आणि डाव्या बाजूची ती रेघ

आधीच सांगतो, हे सगळं मी थोडं चिडूनच लिहितोय. दुकानात कोणी 5 मिनिटं माझ्या रंधा मशीनला स्टीलची पट्टी लावून बघितलं असतं तर माझे 3 रविवार वाचले असते, आणि आईचे रोजचे टोमणेही.

आमच्या पडवीत सागवानी झोपाळा होता. फळी 5 फूट लांब, 20 इंच रुंद, जाडी 2 इंच. 22 जुलै 2021 ला चिपळूणला जो पूर आला त्यात ती दोन दिवस वाशिष्ठीच्या गढूळ पाण्यात होती. नंतर धुतली, सावलीत उभी करून वाळवली, तरी ती कौलासारखी वाकलीच. मधे खोलगट आणि दोन्ही कडा वर. मग कड्या काढून माळ्यावर टाकून दिली, ती एवढी वर्षं तिथेच. सुतार येतो येतो म्हणायचे आणि गणपती, शिमगा, पुन्हा गणपती असं चालू होतं. शेवटी म्हटलं आपणच करू. रंधा मशीन मी आधीच घेतलेलं होतं, दरवाजे पावसात फुगतात त्यासाठी. नेहमीचंच 82 मिमी रुंदीचं, कार्बाइडच्या दोन ब्लेडचं, मिनिटाला 16 हजार फेरे वगैरे.

पहिला मूर्खपणा माझाच, तो कबूल करतो. पुरात राहिलेल्या लाकडाच्या भेगांत बारीक गाळ बसलेला असतो. वरून पुसलं की स्वच्छ दिसतं, पण आत वाळू असते. मी तसंच मशीन फिरवलं, त्यात एका जुन्या बारीक खिळ्याचं मोडलेलं टोक आत राहिलेलं होतं ते पण सापडलं (म्हणजे ब्लेडला सापडलं). एक ठिणगी उडाली आणि ब्लेड संपलं. तर कोणाला जुनं लाकूड रंधायचं असेल तर आधी तारेच्या ब्रशने भेगा खरवडा, आणि स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक सगळ्या फळीवरून फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खिळा आहेच.

ब्लेड मी दुकानातूनच बदलून घेतली. नवीन जोडी, 350 रुपये मजुरी, तीन दिवस लागले कारण "मुलगा सुट्टीवर". आणि इथून खरी गोष्ट सुरू.

वाकलेली फळी सरळ करणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. आधी तिरकं रंधायचं, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, मग दुसऱ्या बाजूने तिरकं, म्हणजे उंच कडा खाली येतात. मग लांबीत. खाली बसकण देऊन फळी हलणार नाही असं करा, नाहीतर मशीन फळीबरोबर नाचतं. दोन तासांत फळी सपाट, जाडी पावणेदोन इंचावर आली. मी खूश. बायकोला हाक मारली, ये बघ म्हणून. मग आई आली, तिने तळवा आडवा फिरवला आणि म्हणाली, "अरे, पाट्याला टाकी लावून आणलीस काय? ह्याच्यावर मिरची वाटू की बसू?"

तिचं बरोबर होतं. डोळ्याला फळी गुळगुळीत वाटत होती, पण संध्याकाळी उजेड तिरका आला की शेतातल्या सरींसारख्या लांबच लांब रेघा. प्रत्येक पट्ट्याच्या (मशीन एकदा फिरवलं की जेवढं रंधलं जातं त्याच्या) कडेला एक पायरी, कागद-दोन कागद जाडीची असेल, पण बोटाला लगेच लागते. आणि पायरीच्या बाजूला बारीक बारीक लाटा.

आता ह्या रेघांवर मी काय काय केलं ते ऐका.

पहिल्यांदा वाटलं माझा हात चुकतोय. सगळे सांगतात तसं केलं. सुरुवातीला पुढच्या भागावर दाब, मधे दोन्हीकडे सारखा, आणि फळी संपत आली की मागच्या भागावर दाब. हे खरंच महत्त्वाचं आहे, नाहीतर दोन्ही टोकांना खड्डा पडतो. पण माझ्या रेघा टोकांना नव्हत्या, पूर्ण लांबीत होत्या. मग एका वेळी किती खोल कापायचं तो नॉब कमी केला, 1 मिमी वरून अर्धा, मग पाव. रेघा बारीक झाल्या, गेल्या नाहीत. मग हळू ढकलून बघितलं. ह्याचा हिशोब मी रात्री वहीत केला होता. 16 हजार फेरे गुणिले 2 ब्लेड म्हणजे मिनिटाला 32 हजार घाव, सेकंदाला साधारण 530. एक मीटर फळी तीन सेकंदात पार केली तर दोन घावांमधे 0.6 मिमी अंतर पडतं, सहा सेकंदात केली तर 0.3. म्हणजे हळू गेलं की लाटा दिसेनाशा व्हायला हव्यात. झाल्या पण, पट्ट्याच्या उजव्या बाजूला. डावीकडे तशाच. तेव्हा मी हे बघितलं आणि तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

मग व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर पंखा सुद्धा कंटाळल्यासारखा फिरतो. त्यात मी 20 मीटरची बारीक वायरची एक्स्टेंशन वापरत होतो, मशीनचा आवाज लाकडावर टेकल्यावर खाली यायचा. जाड वायर आणली, सकाळी काम केलं. आवाज छान झाला. रेघ आहे तिथेच.

मग गेलो दुकानात. मशीन आणि फळीचा एक तुकडा, दोन्ही घेऊन. दुकानदार म्हणाला, "साहेब, मशीनचं फिनिशिंग असंच असतं. वरून सँडिंग करावंच लागतं." मी म्हटलं शेठ, ब्लेड बदलायच्या आधी असं येत नव्हतं. तर म्हणाला पूर्वी तुमच्या लक्षात आलं नसेल. हे वाक्य मला अजून झोंबतंय. घरी येऊन दोन तास 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, अंगभर सागाचा भुसा, शिंका आणि हाताला खाज (सागाचा बारीक भुसा काही जणांना बाधतो, मास्क लावा, मी आता लावतो). रेघा गेल्या आणि त्यांच्या जागी फळीला पोटं आली, कारण हाताने घासताना मऊ जागा जास्त खाली जाते. परत रंधा, परत रेघा.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेठने मशीन चालू करून कानाला लावल्यासारखं केलं आणि सांगितलं की ड्रम (ज्यावर ब्लेड बसवलेली असतात तो फिरणारा भाग) वाकला असेल, नवीन मागवावा लागेल, आठ दिवस, 500 रुपये ॲडव्हान्स. मी दिले. का दिले माहीत नाही, वैतागलेला माणूस कुठेही पैसे देतो. मशीन मात्र घरी घेऊन आलो, हे एक बरं केलं.

तिसऱ्या रविवारी मी फळीवर पेन्सिलने आडव्या नागमोडी रेषा काढून एकेक पट्टा मारत होतो, कुठे घासलं जातंय ते बघायला. बायको चहा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, रेघ नेहमी डाव्याच बाजूला का येते? हात चुकला तर कधी उजवीकडे पण यायला नको का?"

मी चहा तसाच ठेवला.

मशीनचा प्लग काढला (हे पहिलं, काहीही करायच्या आधी, स्विच बंद चालणार नाही, प्लगच काढायचा). टेबलावर उलटं ठेवलं. नॉब शून्यावर. आता मागचा जो सपाट तळवा असतो तो हलत नाही, पुढचा तेवढा नॉबने वरखाली होतो. म्हणजे ब्लेडची धार फिरताना सगळ्यात वर येते तेव्हा ती मागच्या तळव्याच्या बरोबर पातळीत असायला हवी, कारण कापून झालेल्या लाकडावर तोच तळवा टेकणार असतो. ब्लेड त्याच्या वर असेल तर लाकडात खड्डा, खाली असेल तर मशीन नुसतं घसरतं, कापतच नाही. मी स्टीलची पट्टी मागच्या तळव्यावर ठेवली, टोक ड्रमच्या पुढे येईल अशी, आणि लाकडाच्या काडीने ड्रम हळूच फिरवला. पहिलं ब्लेड: उजवीकडे पट्टीला जेमतेम चाटून गेलं, डावीकडे पण तसंच. दुसरं ब्लेड: उजवीकडे चाटून गेलं. डावीकडे पट्टीच धरली आणि 3 मिमी पुढे ओढून नेली.

म्हणजे एका ब्लेडचं डावं टोक वर होतं. बाकी सगळं ठीक. ड्रमबिम काही वाकला नव्हता.

हातमोजे घालून तिन्ही स्क्रू सैल केले, ब्लेड ज्या पट्टीत बसतं ती बाहेर काढली. तिच्याखाली डाव्या टोकाला भुशाची चपटी खपली चिकटलेली, सागाचं तेल आणि गाळ मिळून दाबून दाबून घट्ट झालेली, चिंचोक्याच्या सालीसारखी तपकिरी. नखाने निघेना. रॉकेल आणि जुना टूथब्रश, पाच मिनिटं. नवीन ब्लेड बसवताना त्या मुलाने खालची जागा पुसलीच नव्हती. बस. एवढंच.

परत बसवलं, स्क्रू एकदम न आवळता थोडा हा थोडा तो असे आळीपाळीने आवळले, चारही ठिकाणी पट्टीने तपासलं. प्लग लावला, फळीच्या मागच्या बाजूवर एक पट्टा मारला. डोळे मिटून बोट फिरवलं. काही नाही. मी परत फिरवलं. मग उगाच आणखी तीन पट्टे मारले, गरज नसताना.

बाकीचं काम त्याच दिवशी आटोपलं. एका टोकाला गाठ होती तिथे टवके उडत होते, तिथे लाकडाच्या रेषा दोन्हीकडून गाठीकडे चढतात, म्हणून गाठीपर्यंत एका बाजूने आणि गाठीपर्यंत दुसऱ्या बाजूने आलो, मशीन थोडं तिरकं धरून. फळीच्या कडेला बघायचं, रेषा ज्या दिशेने वर चढत जातात त्याच दिशेने ढकलायचं, उलट गेलात की ढलप्या निघणार. शेवटचा हात पाव मिमीचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. त्यानंतर हातरंधा न वापरता काचेच्या तुकड्याने खरवडलं, आमच्याकडचे जुने सुतार करायचे तसं. मग पॉलिश पेपर 120, 180, 220. 60 नंबर लागलाच नाही.

हो, एक राहिलं. तळव्याला मेणबत्ती घासा, मशीन लोण्यासारखं सरकतं. आणि मशीन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवा. खाली ठेवताना ड्रम थांबेपर्यंत थांबा, माझ्या बाकावर एक खाच आहे ती ह्याचीच. ब्लेड बदलताना दोन्ही एकदम बदला. लाकूड दमट असेल तर भुसा बाहेर पडायचं तोंड सारखं तुंबतं, तेव्हा बोट घालायचं नाही, प्लग काढून काडीने. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा, ढिगात ते आपोआप पेट घेतात.

झोपाळा आता परत पडवीत आहे. आई दुपारची त्याच्यावरच असते, टाकीबद्दल काही बोलत नाही, पण चांगलं झालं असंही अजून म्हणालेली नाही.

परवा शेठचा फोन आला. "साहेब, ड्रम आलाय, कधी येताय?" आठ दिवसांचे सव्वीस झाले होते. मी म्हटलं येतो. अजून गेलेलो नाही, 500 रुपये तिकडेच आहेत, आणि जाताना ती खपली प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची की नाही ह्यावर घरात दोन मतं आहेत.