तुम्ही विचारलंत म्हणून: कोविड आणि माझा उजवा डोळा

"कोविड तर छातीत होतो ना, मग तुमचा डोळा कसा काय गेला?" लग्नात, लिफ्टमध्ये, वाण्याकडे, सगळीकडे हेच, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच कारणं सांगून मोकळा: मोबाइल, लस, नाहीतर ती काळी बुरशी. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे डोळा गेलेला नाही. मधला भाग धुरकट दिसतो, बस. आणि बुरशी नव्हती हो, म्युकर वेगळा, तो सायनसमधून डोळ्याकडे सरकतो. माझी रेटिनातली, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातली, एक शीर तुंबली. व्हायरस शिरतो नाकातून, पण तो पेशीला ज्या एसीई-२ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या खुंट्यांवर, पकडतो ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही असतात. त्यात अंगभर दाह सुरू असतो, अस्तर सुजतं, रक्त गोठायला टपलेलं असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये अख्खं पुणं डी-डायमरचे, म्हणजे रक्तातल्या गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत होतं ते कशासाठी मग? गुठळी फुप्फुसात होते, पायात होते, तर डोळ्याने काय घोडं मारलंय? तिथे तर रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणाऱ्या शिरेला ओलांडून जाते आणि दोघींचं वरचं वेष्टण एकच, त्यामुळे रोहिणी कडक झाली की शीर दबते. मोरी तुंबल्यावर पाणी मागे फुगतं तसं रक्त मागे साठतं आणि पाझरतं.

मी घरी प्रूफं तपासते, अप्पा बळवंत चौकातल्या गाइडवाल्यांची. कोविडमधून उठून महिना-दीड महिना झाला असेल. कांदा चिरून आले, डावा डोळा झोंबत होता म्हणून पदराने दाबून धरला आणि उजव्याने तशीच वाचायला लागले तर ओळीची शिरोरेखा मधेच खचलेली. आधी वाटलं प्रिंटरचा घोळ. कागद फिरवला, खच कागदाबरोबर फिरेना, मी बघेन तिथेच. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही.

टिळक रोडला रेटिनावाल्या डॉक्टरांकडे गेलो. थेंब टाकून बाहुली मोठी केली, फोटो काढले, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, केलं. स्क्रीनवर नारिंगी गोल, वरच्या अर्ध्या भागात लाल फरकाटे, आणि बरोबर मधोमध सूज. मी विचारलं, "कोविडमुळेच ना, डॉक्टर?" ते म्हणाले, "असू शकतं. बीपी कधीपासून आहे?" मी म्हटलं, मला बीपी नाहीये. त्यांनी तिथेच मोजलं. १६०/१००. हे शेजारीच बसले होते, यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या एका बघण्यात आमच्या घरातलं सगळं लोणचं आणि सगळे पापड आले. मला इतका राग आला, डॉक्टरांचाच. हो म्हणायला काय जात होतं यांचं? व्हायरस म्हणजे कुणाचा दोष नाही. बीपी म्हटलं की माझा. परत विचारलं, जवळजवळ भांडल्यासारखं. ते शांतपणे म्हणाले, "एका पेशंटमध्ये असं बोट ठेवून नाही सांगता येत. इंजेक्शन कधी घ्यायचं ते ठरवू."

इंजेक्शन हो, डोळ्यातच. सुन्न करायचे थेंब घालतात, पापण्या क्लिपने ताणतात, तेवढं दुखत नाही, संध्याकाळी बेटाडीनने चुरचुरतं तेच जास्त. त्याने शीर उघडत नाही, पाझर कमी होतो आणि सूज उतरते. म्हणून महिन्या-महिन्याने घ्यावी लागतात, आणि म्हणून "अजून चालूच का?" हेही विचारू नका.

त्यानंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना शंभर टक्के कोविड म्हणून सांगत सुटले होते. आता त्या बाईशी माझंच भांडण होतं. पुण्यात एवढ्यांना कोविड झाला, त्यांचे डोळे ठणठणीत आहेत, आणि शिरा तर २०२० च्या आधीही तुंबायच्याच, बीपीवाल्यांच्या, शुगरवाल्यांच्या. पण ती पण गप्प बसत नाही, म्हणते बीपी काय कालचं होतं? वर्षानुवर्षं असेल, तेवढी वर्षं शीर नीट चालली ना, मग कोविडमधून उठल्यावरच का बसली? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि योगायोगही असतात हे मला कळतं. बीपीची गोळी रोज घेते, लोणचं बंद केलंय. तरी मनापासून विचाराल तर मी कोविडच म्हणणार, आणि यांना विचाराल तर हे लोणचं म्हणतील.