घासागणिक बदलणारी पायरी

परिसंस्थेतील जीवांची उत्पादक, भक्षक आणि विघटक अशी विभागणी आपण सर्वांनीच शाळेत शिकलेली असते, आणि तिच्यासोबतची ती आकृतीही लक्षात राहिलेली असते: तळाशी गवत, त्यावर नाकतोडा, मग बेडूक, साप आणि सर्वांत वर गरुड. आकृती खोटी नाही. परंतु तिच्यामुळे दोन समज मनात घट्ट बसतात, आणि ते दोन्ही मला खटकतात. एक असा की, प्रत्येक जीवाची पायरी कायमची ठरलेली असते; दुसरा असा की, अन्नाचा मुख्य ओघ खालून वर, गरुडाच्या दिशेने वाहतो.

पहिल्या समजासाठी डासाकडे पाहणे पुरेसे आहे. साचलेल्या पाण्यातील त्याची अळी तोंडाजवळच्या केसांचे झुपके सतत हलवून पाण्याचा लहानसा प्रवाह तयार करते आणि त्यातून येणारे शैवाल, जीवाणू व कुजके कण गाळून खाते. म्हणजे उत्पादकांवर आणि मृत अवशेषांवर ती एकाच वेळी जगत असते. पंख फुटल्यानंतर नर केवळ मधुरस आणि वनस्पतींचे गोड स्राव घेतो. मादीचेही रोजचे अन्न तेच असते, मात्र अंडी तयार होण्यासाठी लागणारी प्रथिने तिला बहुधा रक्तातून मिळवावी लागतात. ते रक्त गाईचे असेल तर ती दुसऱ्या फळीची भक्षक ठरते आणि कीटक खाणाऱ्या पक्ष्याचे असेल तर आणखी वर सरकते. एकाच जीवाने एका आयुष्यात इतक्या पायऱ्या चढाव्यात हे विचित्र वाटते खरे, पण निसर्गात असे सर्रास घडते. घटपर्णी सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करते आणि नत्राची उणीव कीटक पचवून भरून काढते. तिला कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी एका लहान दलदली तळ्याच्या अभ्यासावरून अन्नसाखळीचा हिशेब ऊर्जेच्या रूपात मांडला. त्यांचा तो निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, परंतु तो छापून येण्यापूर्वीच, तिशीही न गाठता, त्यांचे निधन झाले होते. एका पातळीवरील ऊर्जेपैकी ढोबळमानाने दहा टक्केच पुढील पातळीवरील जीवांच्या शरीरात साठते, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा नियम याच विचारातून रूढ झाला. प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच कमीजास्त असते. उरलेल्यापैकी मोठा वाटा श्वसनातून उष्णतेच्या रूपाने निघून जातो, हे आपण पाठ केलेले असते. पण बराच भाग मुळात खाल्लाच जात नाही किंवा खाऊनही पचत नाही, याकडे मात्र लक्ष जात नाही. जंगलात दरवर्षी येणाऱ्या पानांपैकी अगदी थोडी पाने हिरवी असताना कोणाच्या तोंडी लागतात. बाकीची गळून पडतात, आणि खरी पंगत तेथे बसते.

पालापाचोळ्याचा वरचा कोरडा थर बाजूला केला की खालची ओली पाने एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या धाग्यांचे विरळ जाळे पसरलेले असते. हे बुरशीचे तंतू. येथे दोन प्रकारचे खाणारे शेजारी शेजारी असतात आणि त्यांची गल्लत सर्रास केली जाते. गांडूळ, वाणी, वाळवी हे जीव मृत पदार्थ गिळतात आणि तो शरीराच्या आत पचवतात. बुरशी काहीच गिळत नाही: ती आपली पाचक विकरे बाहेर सोडते, पान जागच्या जागी विरघळवते आणि तयार झालेला रस शोषून घेते. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन पूर्णपणे मोडणे तर काही विशिष्ट बुरशींनाच चांगले साधते. वाणीने पान कुरतडून बारीक केले की बुरशीला आणि जीवाणूंना अधिक पृष्ठभाग मिळतो, आणि त्यांनी मऊ केलेले पान पुन्हा वाणीच्या कामी येते.

या मंडळींना ‘निसर्गाचे सफाई कामगार’ म्हणण्याची पद्धत मला फारशी पटत नाही, कारण त्यांपैकी कोणीही झाडाची सेवा करण्यासाठी कुजवत नाही. मातीत ताजा भुसा किंवा वाळलेला पेंढा मिसळला की काही काळ रोपे पिवळी पडतात. त्या पदार्थांत कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असल्याने, विघटक आपल्या वाढीसाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि मुळांना ते कमी पडते. त्यांची गरज भागल्यावर किंवा ते स्वतः मेल्यावर जे मोकळे होते, तेच झाडाला मिळते.

हे खाणारे नसले तर काय होते, याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियात पाहायला मिळाले. १७८८ मध्ये वसाहतीसोबत तेथे गुरे पोहोचली, पण तेथील शेणकिड्यांना कांगारूंसारख्या प्राण्यांच्या कोरड्या, लहान लेंड्यांची सवय होती. गुरांचे ओले, मोठे पो महिनोन्महिने कुरणात पडून राहत, त्याखालचे गवत मरे आणि त्यात माश्यांची पैदास होई. हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी शेणकिडे सोडण्यास प्रारंभ झाला. किड्यांबरोबर रोग येऊ नयेत म्हणून त्यांची अंडी निर्जंतुक करून, हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून पिढी वाढवली जाई. सोडलेल्या चाळीसहून अधिक जातींपैकी सुमारे निम्म्या तेथे टिकल्या, आणि अनुकूल हवामानात आज तेथील काही कुरणांवर पडलेला पो एकदोन दिवसांत जमिनीखाली जातो.